नवीन वायर रोप बसवल्यावर हुक ब्लॉक फिरतो, वेढे सैल पडतात

शॉपफ्लोअर_चाकण: नमस्कार मंडळी. 5 टनी होइस्ट (माल उचलायचं यंत्र), 4 फॉल (हुक ब्लॉक पेलणारे रोपाचे पदर), लिफ्ट 9 मीटर, ग्रूव्हचा (खाचांचा) ड्रम, एकच थर. रोप 12 मिमी, 6×36 (6 स्ट्रँड म्हणजे लडी, दर लडीत 36 तारा), मधला गाभा स्टीलचा. ठेकेदाराने नवा रोप कॉइल जमिनीवर आडवी ठेवून, वरून एकेक वेढा ओढत चढवला. आता रिकामा हुक ब्लॉक वर येताना अर्धा फेरा फिरतो, पहिले काही वेढे ड्रमवर हलतात, आणि हुक अगदी वर गेला की शेवटचा वेढा ग्रूव्हबाहेर चढतो. रोप बदलावा लागेल का?

रोपवाला: तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

हुक फिरतो तो कॉइलमुळे. आडव्या कॉइलमधून रोप वर ओढला की दर वेढ्यामागे एक पूर्ण पीळ रोपात शिरतो. कॉइल फिरत्या स्टँडवर ठेवा, नाहीतर चाकासारखी जमिनीवर लोळवत रोप सरळ पसरा. रीलवरचा माल असेल तर रील आडव्या शाफ्टवर चढवून रोप रीलच्या वरून ड्रमच्या वर, किंवा खालून खाली, असाच न्यायचा. S आकारात उलटा वाकवला की पीळ बिघडतो.

किंक (कायमची मोड) पडलेली नसेल तर रोप वाचतो. हुक खाली टेकवा, मेन स्विच बंद करून कुलूप लावा, डेड एंडचा (रोपाच्या न हलणाऱ्या, पक्क्या टोकाचा) वेज सॉकेट (पाचरीने रोप पकडणारा सांधा) सोडा. टोक पीळ उतरेल त्या दिशेला एकच फेरा फिरवा, परत जोडा, होइस्ट पूर्ण वर-खाली चालवून बघा. गरज पडली तरच पुढचा फेरा. एकदम चार फेरे दिले तर पीळ एकाच जागी साचतो. किंक दिसली तर मात्र रोप बाद, ठोकून सरळ करू नका.

ड्रमच्या आट्याची दिशाही बघा: डाव्या आट्याच्या ग्रूव्हला उजव्या पिळाचा रोप, उजव्या आट्याला डाव्या पिळाचा.

मेंटेनन्स_नाशिक: सैल वेढ्यांबद्दल. तळाला हुक असताना ड्रमवर उरणारे डेड वेढे (किमान 2, मी 3 ठेवतो) पुन्हा कधी पूर्ण भार खात नाहीत, त्यामुळे ते चढवतानाच घट्ट बसले पाहिजेत. या रोपाची तुटण्याची ताकद 9 टनांच्या आसपास, आणि चढवताना द्यायचा ताण तिच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे 90 ते 180 किलो. हाताने ओढून तो येत नाही. रीलच्या कडेला लाकडी फळीचा ब्रेक लावा. रोपच दोन फळ्यांत दाबून ताण देऊ नका, स्ट्रँड सरकतात. होइस्ट इंचिंगवर (बटण थोडं थोडं दाबत हळू) चालवा, हात ड्रमपासून लांब.

शेवटचा वेढा चढतो कारण बहुधा रोप लांब कापलाय. 4×9 म्हणजे 36 मीटर. त्यात हुक सर्वांत वर असतानाचे चार फॉल, 300 मिमी ड्रमवर 3 वेढ्यांचे साधारण 3 मीटर आणि टोकांची लांबी. त्याहून जास्त रोप ड्रमवरच गोळा होतो. मॅन्युअलमधल्या लांबीला कापा. कापण्याआधी दोन्ही बाजूंना बाइंडिंग वायर घट्ट बांधा. नंतर वरची-खालची लिमिट (हुक थांबवणारे स्विच) पुन्हा सेट करा आणि रोप गाइड (रोप खाचेत बसवणारी कडी) मोकळा सरकतो का बघा.

शॉपफ्लोअर_चाकण: धन्यवाद. वेज सॉकेटमध्ये टोक किती ठेवायचं? आणि पुढच्या वेळी जुन्या रोपाला बांधून नवा ओढला तर चालेल?

रोपवाला: टोक किमान 6 व्यास, पण 150 मिमीपेक्षा कमी नाही; 12 मिमीला 6 व्यास म्हणजे 72 च होतात, म्हणून 150 ठेवा. भाराचा भाग ओढीच्या सरळ रेषेत, टोक दुसऱ्या बाजूला. यू-क्लिप लावलीत तर ती फक्त टोकावर, भाराच्या भागाला कधीच आवळायची नाही.

जुना-नवा एकमेकांना वेल्ड करून ओढू नका, जुन्याचा पीळ नव्यात येतो. जाळीचे मोजे दोन्ही टोकांवर चढवून मध्ये बारीक दोरी बांधा. बसवल्यावर आधी रिकामा, मग अर्धा टन, मग वाढवत न्या. ग्रूव्ह गेजने तपासल्याशिवाय नवा रोप चढवू नका: जुन्या झिजलेल्या रोपाने ग्रूव्ह अरुंद केलेले असतात, आणि नवा 12 चा रोप कॅलिपरने 12.6 पर्यंत भरतो.