झेब्रा हॉवर्थिया दर श्रावणात कुजतो, नाशिककरांनो, माझं काय चुकतंय?

गॅलरीवाली
नमस्कार. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरी पश्चिमेची. दोन वर्षांत तीन हॉवर्थिया आणले. तोच, मुठीएवढा, पानांवर पांढऱ्या पट्ट्या असलेला. दोन गेले, दोन्ही श्रावणात. आता तिसऱ्याची लक्षणं ठीक दिसत नाहीत. मे महिन्यात पानं विटकरी झाली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून वाढवलं. आता खालची पानं लिबलिबीत झालीत, काल एकाला हात लावला तर अलगद हातातच आलं. पाणी आठवड्यातून एकदा, अर्धा कप चहाएवढं. नर्सरीतून आणला तसाच चिनीमातीच्या कपात आहे, वर रंगीत खडे चिकटवलेत, खाली भोक नाही. सासूबाई म्हणतात, "कोरफडीचीच जात ना ती? गच्चीवर टाकून दे, आपोआप जगेल." टाकू का? वाचेल का?

निवांत_रिटायर
ताई, गच्चीवर टाकू नका. पण सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. हे कोरफडीच्याच कुळातलं झाड. ज्याच्यावरून नाव पडलं त्या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञ हॉवर्थसाहेबाने स्वतःच याला सुरुवातीला कोरफडीत घातलं होतं. १८०९ मध्ये हॉवर्थिया हे वेगळं घर मिळालं, आणि २०१३ मध्ये तुमच्या पट्टेवाल्याला त्यातूनही उचलून हॉवर्थिऑप्सिसमध्ये टाकलं. नर्सरीवाले अजून जुनंच नाव सांगतात, मीही तेच म्हणतो.

सासूबाईंचं उरलेलं निम्मं चुकतं ते उन्हाच्या बाबतीत. याचं गाव दक्षिण आफ्रिकेतलं ईस्टर्न केप. तिथे हे झुडपांच्या नि गवताच्या आडोशाला वाढतं, कोरफडीसारखं उघड्यावर नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं तीन ते सहाचं पश्चिमेचं ऊन म्हणजे तव्यावर ठेवल्यासारखं. पानं विटकरी झाली ती उन्हाने, तहानेने नाही. त्यात भर उन्हाळ्यात हे अर्धवट झोपलेलं असतं, पाणी फारसं पीत नाही. तुम्ही पाणी वाढवलंत ते सगळं कपात साचलं, मुळं गुदमरून कुजली. पुढची गंमत अशी की मुळं मेली की झाड तहानल्यासारखंच सुकतं, आणि आपण आणखी पाणी घालतो. मी स्वतः असे चार मारलेत, सांगायला लाज नाही. पहिल्या दोघांना तर दिंडोरीहून शेतातली काळी माती आणून घातली होती, कौतुकाने! द्राक्षाला चालते म्हणून याला चालेल, हे माझं डोकं.

आजच काढा. खडे फोडावे लागतील, कप फुटला तर फुटू द्या. मुळं धुऊन बघा. पांढरी, टणक असतील ती ठेवा. तपकिरी, पोकळ, दोरा ओढल्यासारखी सालटी निघणारी असतील ती कापा. खोड मऊ लागलं तर ब्लेडने पापुद्रा-पापुद्रा कापत जा, आतला भाग स्वच्छ, फिकट दिसेपर्यंत. ब्लेड दर वेळी स्पिरिटने पुसा. एकही मूळ उरलं नाही तरी घाबरू नका, मधला गाभा टणक असला तर नवीन मुळं फुटतात. मग सावलीत, हवा खेळेल अशा जागी कोरडं ठेवा. एरवी चार-पाच दिवस पुरतात, पण या हवेत मी आठ-दहा ठेवतो, फॅनखाली.

कुंडी तीन इंची मातीची, भोकवाली. मिश्रणात मी दोन भाग विटेचा चुरा घालतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, धूळ चाळून टाकलेला. एक भाग पर्लाईट, म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे, आणि एक भाग जुनं शेणखत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालत नाही. ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं राहतं.

आता पाणी. वार ठरवून घालणं सोडा. उदबत्तीची रिकामी काडी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर वाटली तर पाणी नाही. आपल्याकडे इगतपुरीसारखा धो धो नसला तरी आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, माती सुकतच नाही. हे झाड पानांची छिद्रं रात्री उघडतं, दिवसा मिटून घेतं, त्यामुळे मुळात फार कमी पाणी उडवतं. माझ्याकडे त्या दोन महिन्यांत एकदा किंवा दोनदाच पाणी होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च याचे वाढीचे दिवस, तेव्हा मन भरून घाला, खालून वाहीपर्यंत. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की गॅलरीतून आत घ्या.

प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली, नोटेचा कागद हाताने ओळखायचो. पानाचंही तसंच, रोज दाबून बघा, कळायला लागतं.

निफाडचा_बागाईतदार
काकांनी सगळं सांगितलं, एकच भर. मुळं धुताना कापसासारखी पांढरी पूड दिसते का बघा. तो पिठ्या ढेकूण, आमच्या द्राक्षाचा जुना वैरी, या झाडांच्या मुळांतही बसतो. दिसला तर मुळं चांगली धुवा, जुनी माती घराबाहेर फेका, दुसऱ्या कुंडीत वापरू नका. आणि कुणी शेतावरचं औषध आणून दिलं तर घरात फवारू नका, कितीही थोडं म्हणालं तरी.

काचेची_वाटी
बिनभोकाच्या भांड्यात जगतच नाही हे मला पटत नाही. माझा तीन वर्षं काचेच्या वाटीत आहे, अंबडच्या ऑफिसात टेबलावर. महिन्याला दोन चमचे पाणी.

निवांत_रिटायर
जगतो ना, तुमच्याकडे दिवसभर एसी. तिथली हवा बाराही महिने कोरडी. शिवाय तुम्ही चमच्याने मोजता. ताईंकडे अर्धा कप जात होता.

गॅलरीवाली
उशीर झाला कळवायला. कप फुटला नाही, खडे सासूबाईंनी सुरीने उकरले. मुळं सगळी गेलेली, पांढरी पूड मात्र नव्हती. कापत कापत वर पाचच पानं उरली, सुपारीएवढं झाड. मी टाकूनच देणार होते, त्यांनी देवघराच्या कोनाड्यात कागदावर ठेवलं. दहा दिवसांनी लावलं. काल घटस्थापनेच्या गडबडीत कुंडी पडली, तेव्हा दिसलं, दोन मुळं आलीत, बोटाच्या पेराएवढी, पांढरी. परत लावलं. आता पाणी किती दिवसांनी, काका? आणि तो कप सध्या उदबत्त्यांच्या काड्या ठेवायला आहे.

निवांत_रिटायर
मुळं उघडी पडली म्हणजे दुखावली असणार. आठवडाभर थेंबही नको. मग काडी विचारा.