एसेंडनच्या ३४ खेळाडूंना झालेली शिक्षा न्याय्य होती का?

वेरिबीकर

नमस्कार. मेलबर्नच्या पश्चिमेकडे, वेरिबीत, आम्ही गेली सहा वर्षे राहतो. आमचा चौदा वर्षांचा मुलगा इथल्या स्थानिक क्लबकडून ऑस्ट्रेलियन पद्धतीचे फुटबॉल खेळतो. इथे त्याला सगळे ‘फूटी’ म्हणतात. गेल्या महिन्यात क्लबने पालकांची बैठक घेतली आणि नोंदणीच्या वेळी आपण उत्तेजकविरोधी नियमांनाही संमती देतो, हे समजावून सांगितले. बैठक संपल्यावर शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी एसेंडन या मेलबर्नच्याच व्यावसायिक फूटी क्लबचा विषय काढला आणि बोलता बोलता त्यांचा आवाज जड झाला. इतक्या वर्षांनंतरही एखाद्या माणसाला ही गोष्ट इतकी लागून राहावी, याचे मला आश्चर्य वाटले आणि त्या दिवसापासून मी या प्रकरणाविषयी मिळेल ते वाचत आहे.

मला समजलेला घटनाक्रम असा. २०१२ च्या हंगामात एसेंडनमध्ये स्टीफन डँक या क्रीडाविज्ञान तज्ज्ञाच्या देखरेखीखाली खेळाडूंना इंजेक्शने देण्यात आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्लबने स्वतःहून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगकडे आणि ‘असाडा’ या तेव्हाच्या सरकारी उत्तेजकविरोधी संस्थेकडे चौकशीची विनंती केली. मार्च २०१५ मध्ये लीगच्या न्यायाधिकरणाने ३४ खेळाडूंना निर्दोष ठरवले. त्यावर ‘वाडा’ या जागतिक संस्थेने स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे अपील केले आणि जानेवारी २०१६ मध्ये लवादाने त्याच ३४ जणांना दोषी धरून दोन वर्षांची बंदी घातली.

कोणाच्याही बाबतीत चाचणीचा अहवाल सकारात्मक आला म्हणून ही शिक्षा झालेली नाही. खेळाडूंनी क्लबच्या माणसांवर विश्वास ठेवला, संमतिपत्रावर सह्या केल्या, आणि त्या पत्रातच ‘हे सर्व वाडाच्या नियमांत बसते’ असे लिहिलेले होते. मग जो नोकरीत आहे, ज्याला प्रशिक्षक सांगतील ते करायची सवय लावलेली आहे, अशा एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाने आणखी काय करायला हवे होते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

न्यायप्रविष्ट

वेरिबीकर, आपण दिलेला घटनाक्रम अचूक आहे. मी पुण्यात वकिली करतो आणि क्रीडा लवादाचे निकाल आवर्जून वाचतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. माझे मत आधीच सांगतो: निकाल कायद्याने टिकणारा होता, शिक्षेचे माप मात्र मला पटलेले नाही.

उत्तेजकविरोधी नियमांत खेळाडूवर जे दायित्व असते ते हेतूवर अवलंबून नसते. निषिद्ध द्रव्य शरीरात कोणी घातले, का घातले, खेळाडूला ते ठाऊक होते का, हे प्रश्न दोष ठरवताना विचारलेच जात नाहीत. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना मात्र ते विचारात घेतले जातात. सामान्य फौजदारी कायद्यात वाढलेल्या माणसाला हे अन्यायाचे वाटते, पण ‘मला माहीत नव्हते’ एवढा बचाव ग्राह्य धरला तर प्रत्येक खेळाडू तोच बचाव घेईल आणि नियमाला अर्थच उरणार नाही, ही त्यामागची अडचणही खरी आहे.

चाचणी सकारात्मक नसताना दोष कसा सिद्ध झाला, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. आरोप थायमोसिन बीटा-४ या पेप्टाइडच्या (प्रथिनासारख्या छोट्या रेणूच्या) वापराचा होता आणि ‘वापर’ हा स्वतंत्र गुन्हा आहे. तो कागदपत्रे, संदेश, साक्षी अशा परिस्थितिजन्य पुराव्यानेही शाबित करता येतो. पुराव्याची पातळी ‘लवादाचे समाधान होईल इतकी’ अशी असते, म्हणजे दिवाणी खटल्यापेक्षा वरची आणि फौजदारी खटल्यापेक्षा खालची. असाडाने आपली बाजू साखळीसारखी मांडली होती: द्रव्य चीनमधून आले, मेलबर्नच्या एका औषधनिर्मात्याकडे तयार झाले, डँकपर्यंत पोहोचले आणि त्याने ते खेळाडूंना टोचले. लीगच्या न्यायाधिकरणाला या साखळीतल्या कड्या कच्च्या वाटल्या. पुरवठ्याशी संबंधित दोन महत्त्वाच्या व्यक्तींनी साक्ष द्यायला नकार दिला होता आणि व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना समन्स काढण्यास मान्यता दिली नव्हती, त्यामुळे त्या कड्या पक्क्या करण्याचा मार्गही उरला नव्हता. वाडाने लवादापुढे साखळीची उपमाच सोडली आणि दोराची घेतली. साखळीची एक कडी तुटली की सारी साखळी निकामी होते. दोराचे एखाद-दुसरे सूत तुटले तरी दोर भार पेलतो. पुरावा बव्हंशी तोच होता, तो तोलायची रीत बदलली आणि निकाल फिरला. ही रीत लवादाने स्वीकारली याबद्दल माझी तक्रार नाही, कारण परिस्थितिजन्य पुरावा आपल्याकडची न्यायालयेही एकत्रितच पाहतात.

खेळाडूंच्या विरोधात सर्वांत जड ठरलेली गोष्ट वेगळीच होती. उत्तेजक चाचणीच्या वेळी एक अर्ज भरावा लागतो आणि त्यात अलीकडे घेतलेली औषधे व पूरके लिहायची असतात. त्या हंगामात चाचणी झालेल्या खेळाडूंपैकी कोणीही अर्जावर थायमोसिनचे नाव लिहिलेले नव्हते. जे नियमात बसते अशी खात्री होती ते लिहायला संकोच का वाटावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर लवादाला मिळाले नाही, आणि शिक्षेत सवलत मिळण्याची वाट तिथेच बंद झाली.

आता माझा आक्षेप. सिडनीच्या क्रोनुला शार्क्स या रग्बी लीग क्लबमध्ये २०११ साली याच डँकचा असाच कार्यक्रम झाला होता. तिथल्या खेळाडूंनी ऑगस्ट २०१४ मध्ये दोष मान्य केला. त्यांना सवलत देऊन बारा महिन्यांची बंदी झाली आणि तीही मागील तारखेपासून, नोव्हेंबर २०१३ पासून, धरली गेली. त्यामुळे प्रत्यक्षात त्यांचे हंगामाच्या अखेरचे मोजकेच सामने हुकले. एसेंडनच्या खेळाडूंनी स्वतःला निर्दोष मानून लढा दिला आणि २०१६ चा संपूर्ण हंगाम गमावला. क्लबवर भरवसा ठेवण्याची चूक दोन्हीकडे सारखीच असताना इतके अंतर पडावे, हे मला मान्य होत नाही.

औषधशाळा

न्यायप्रविष्ट यांच्या प्रतिसादात द्रव्याविषयी थोडी भर घालतो. ‘थायमोसिन’ हे एकाच औषधाचे नाव नाही. थायमोसिन अल्फा-१ हे वेगळे पेप्टाइड आहे, प्रतिकारशक्तीशी संबंधित उपचारांत त्याचा वापर होतो आणि ते निषिद्ध यादीत नव्हते. बीटा-४ ऊतींच्या दुरुस्तीशी संबंधित आहे आणि ते निषिद्ध होते. खेळाडूंच्या संमतिपत्रावर नुसते ‘थायमोसिन’ एवढाच शब्द होता. माझ्या व्यवसायात कोणी अशी अर्धवट चिठ्ठी घेऊन आले तर मी औषध देणार नाही, डॉक्टरांना फोन करून नेमके विचारीन. बीटा-४ शरीरात नैसर्गिकरीत्याही असते, म्हणून बाहेरून टोचलेले वेगळे ओळखणारी भरवशाची चाचणी त्या काळी नव्हती, हेही लक्षात घ्यावे. चाचणीत काही सापडले नाही याचा अर्थ काही दिले गेले नाही, असा होत नाही.

त्याच पत्रांवर एओडी-९६०४ हे आणखी एक नाव होते. ते माणसांच्या उपचारासाठी मंजूर झालेले औषध नव्हते आणि वाडाने एप्रिल २०१३ मध्ये ते निषिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही त्याबद्दल खेळाडूंवर आरोप ठेवले गेले नाहीत, कारण त्याच्या दर्जाविषयी सरकारी यंत्रणांकडूनच उलटसुलट सांगितले गेले होते. खुद्द यंत्रणांचा गोंधळ जिथे मान्य झाला, तिथे खेळाडूच्या गोंधळाला किंमत मिळू नये, ही विसंगती मला बोचते.

लाल_काळा_पट्टा

मी १९९८ पासून मेलबर्नमध्ये आहे आणि तेव्हापासून एसेंडनचा पाठीराखा आहे. वेरिबीकर, आपल्या शेजारच्या गृहस्थांचा आवाज का जड झाला ते मी समजू शकतो.

दोष पाहायचा तर आधी क्लबचा पाहावा लागेल. क्लबने स्वतःच नेमलेल्या झिग्गी स्विटकोव्स्की यांच्या अहवालात या कार्यक्रमाचे वर्णन औषधांच्या प्रयोगांचे वातावरण अशा अर्थाने केलेले आहे. क्लबचे अनेक वर्षांचे डॉक्टर ब्रूस रीड यांनी २०१२ च्या सुरुवातीलाच पत्र लिहून काळजी व्यक्त केली होती. ते पत्र गांभीर्याने घेतले असते तर पुढचे काहीच घडले नसते. ऑगस्ट २०१३ मध्ये लीगने क्लबला वीस लाख डॉलरचा दंड केला, त्या वर्षीच्या अंतिम फेऱ्यांतून काढले आणि प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना बारा महिने दूर ठेवले. पण ही शिक्षा खेळाची प्रतिष्ठा घालवल्याबद्दल होती, उत्तेजकांबद्दल नव्हती. पुढे कामगार सुरक्षा कायद्याखाली क्लबला दोन लाख डॉलरचा दंड झाला. तो आकडा मी वाचला तेव्हा फार वाईट वाटले, कारण आपल्या नोकरांना काय टोचले याची नोंदसुद्धा ज्या मालकाने ठेवली नाही, त्याची किंमत एवढीच ठरली.

खेळाडूंचे काय झाले ते पाहा. कर्णधार जोब वॉटसन यांनी हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे, २०१२ चे ब्राउनलो पदक परत केले आणि ते ट्रेंट कॉचिन व सॅम मिचेल यांना देण्यात आले. पाच जण तोवर दुसऱ्या क्लबांत गेले होते, त्यांनाही बंदी लागू झाली. त्यांतले स्ट्युअर्ट क्रॅमेरी वेस्टर्न बुलडॉग्जकडे होते, आणि त्या क्लबने नेमके २०१६ साली, ६२ वर्षांनंतर, विजेतेपद मिळवले. खेळाडूच्या आयुष्यात असा दिवस पुन्हा येत नाही. एसेंडन त्या वर्षी बदली खेळाडू घेऊन खेळला आणि १९३३ नंतर प्रथमच तळाला गेला. मी प्रत्येक घरच्या सामन्याला गेलो होतो.

एक गोष्ट मात्र मला प्रामाणिकपणे लिहायला हवी. डेव्हिड झहाराकिस या खेळाडूने इंजेक्शने घ्यायला नकार दिला, तो सुईच्या भीतीमुळे. त्याला कोणी संघातून काढले नाही. म्हणजे नकार देणे शक्य होते. हे मी बरीच वर्षे स्वतःशी कबूल करत नव्हतो.

तालीमवाला

मी कोल्हापूरचा, कुस्तीतला माणूस. फूटी मी कधी पाहिलेली नाही, पण हे वाचताना नरसिंग यादवची आठवण झाली. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर चाचणीत सापडला, अन्नात कोणीतरी मिसळल्याचे त्याने सांगितले. ऑगस्ट २०१६ च्या आरंभी ‘नाडा’ या भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याला मोकळे केले, वाडाने अपील केले आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. देशातल्या संस्थेने सोडायचे आणि लवादाने धरायचे, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे. फरक असा की नरसिंगच्या नमुन्यात द्रव्य सापडले होते, एसेंडनच्या खेळाडूंना पुराव्याच्या दोरावर धरले.

वेरिबीकर यांच्याशी मी एका बाबतीत सहमत नाही. ‘मुलांनी विश्वास ठेवला’ हे आमच्या तालमीतही ऐकू येते. वस्तादाने सांगितले म्हणून पोरे काहीही पितात, आणि पकडले गेल्यावर वस्ताद नामानिराळा राहतो. नियम सैल केला तर अशा वस्तादांचेच फावेल. वस्तादालाही तेवढीच जबर शिक्षा झाली पाहिजे, ही माझी मागणी आहे.

न्यायप्रविष्ट

तालीमवाले, डँकवर लीगच्या न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये आजन्म बंदी घातली. पण ज्यांनी त्याला नेमले आणि मोकळे रान दिले, त्यांचा जाणूनबुजून सहभाग सिद्ध झाल्याशिवाय त्यांच्यापर्यंत उत्तेजकविरोधी नियम पोहोचत नाहीत. तिथे लीगचे शिस्तीचे नियम आणि कामगार कायदा एवढीच साधने उरतात. तुमची मागणी नेमकी याच पोकळीवर बोट ठेवते.

वेरिबीकर

सर्वांचे मनापासून आभार. झहाराकिस यांच्याबद्दलचे वाक्य मी मुलाला वाचून दाखवले. आता एक व्यावहारिक शंका: त्याच्यासारख्या स्थानिक क्लबमधल्या मुलाला हे नियम तितकेच कडकपणे लागू होतात का?

न्यायप्रविष्ट

लागू होतात, पण २०२१ च्या जागतिक संहितेत सोळा वर्षांखालील खेळाडूंना ‘संरक्षित व्यक्ती’ असा वेगळा दर्जा दिलेला आहे आणि त्यांच्या बाबतीत शिक्षेला बरीच लवचीकता आहे. गंभीर दोष नसेल तर केवळ ताकीद देऊनही सोडता येते. असाडाचे काम २०२० पासून ‘स्पोर्ट इंटेग्रिटी ऑस्ट्रेलिया’ पाहते आणि त्यांच्या अॅपवर ऑस्ट्रेलियात विकले जाणारे औषध नावाने तपासता येते. मुलाने सर्दीचे औषध घेतले तरी त्याचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि कधी चाचणीचा अर्ज समोर आला तर त्या वहीतले सारे त्यात उतरवायला सांगा. क्लबमध्ये कोणी काही पूरक देऊ केले तर डबीवरचे पूर्ण नाव आधी तुम्हाला पाठवावे, आणि ‘थायमोसिन’सारखे अर्धे नाव असेल तर घेऊ नये.