विधी महाविद्यालयात न जाता वकिलीची सनद: कॅलिफोर्नियातील उमेदवारीची वाट रुंद करावी का?

खाडीकाठ:
अमेरिकेतील कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या राज्यांत विधी महाविद्यालयाची पायरी न चढता, अनुभवी वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करून सनदेच्या परीक्षेला बसता येते. टीव्हीवरील प्रसिद्ध तारका किम कार्दाशियन या वाटेने गेल्यामुळे तिची चर्चा झाली. वाट मात्र जुनीच आहे. मी स्वतः कॅलिफोर्नियातील एका लहान कार्यालयात दोन वर्षांपासून उमेदवारी करत आहे. येथे चार वर्षे, दरवर्षी ४८ आठवडे आणि आठवड्याला किमान १८ तास अभ्यास करावा लागतो. त्यांपैकी ५ तास वकिलाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असावे लागतात, दरमहा लेखी परीक्षा होते आणि पहिल्या वर्षानंतर करार, अपकृत्ये (दुसऱ्याला केलेल्या हानीची दिवाणी भरपाई) व फौजदारी कायदा या विषयांची ‘बेबी बार’ नावाची राज्यस्तरीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

ही वाट टिकावी आणि रुंदही व्हावी, असे माझे ठाम मत आहे. येथील अनेक खाजगी विधी महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क ५०,००० डॉलरांहून अधिक आहे, आणि तेवढे कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेला तरुण वकील बेघर होऊ घातलेल्या भाडेकरूचे काम सहसा घेऊ शकत नाही. घर खाली करून मागणाऱ्या दाव्याला उत्तर देण्यासाठी भाडेकरूला पूर्वी न्यायालयीन कामकाजाचे ५ दिवस मिळत, २०२५ पासून १० मिळतात. त्या मुदतीचे मोल मला घाबरलेल्या माणसासमोर बसून उत्तराचा मसुदा लिहिताना कळले.

जिल्हा न्यायालय:
मी महाराष्ट्रात २२ वर्षे वकिली करतो आणि या मताशी असहमत आहे. सीनियर जे काम करतो तेच ज्युनिअरला शिकवतो. आयुष्यभर वाटपाचे दावे चालवलेल्या वकिलाच्या हाताखाली पुराव्याचा कायदा जेवढ्यास तेवढा कळतो आणि घटनात्मक कायदा तर कानावरही पडत नाही. ‘बेबी बार’मध्ये बहुतेक वेळा पाचांतील एखादाच उत्तीर्ण होतो, हे लक्षात घ्या.

आपल्याकडेही १९६१च्या ॲडव्होकेट्स कायद्यापूर्वी प्लीडर, मुखत्यार असे वेगवेगळे वर्ग होते आणि वकील कोणत्या वर्गातला यावर अशिलाचे नशीब ठरत असे. त्या कायद्याने वकिलांचा एकच वर्ग केला आणि पदवी अनिवार्य केली, ते योग्यच झाले. शुल्काचा मुद्दा अमेरिकेत खरा असेल. आपल्याकडे सकाळच्या वर्गांना बसून, दिवसा नोकरी करून तीन वर्षांची एलएलबी पूर्ण करणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत.

कायदेवाचक:
मला दोन्ही बाजूंनी सुटलेला प्रश्न वेगळा वाटतो: गुरू कुणाला मिळतो? कॅलिफोर्नियात मार्गदर्शक वकिलाला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो, तो एका वेळी दोघांहून अधिक उमेदवार घेऊ शकत नाही आणि उमेदवाराने त्याला स्वतःच शोधायचे असते. कार्दाशियन यांचे वडील वकील होते आणि मार्गदर्शक मिळवणे त्यांना परवडणारे होते, तरीही त्या २०२१ मध्ये चौथ्या प्रयत्नात ‘बेबी बार’ उत्तीर्ण झाल्या आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्यांना सहा वर्षे लागली. मग ज्याच्या घरात कुणी न्यायालयाची पायरीही चढलेले नाही, त्याने काय करावे? विधी महाविद्यालयात न जाता वकील झालेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. पण त्यांना १८३६ मध्ये परवाना मिळाला तेव्हा कायद्याचा पसारा मोजक्या ग्रंथांत मावत होता.

खाडीकाठ:
कायदेवाचक यांचा मुद्दा मी नाकारू शकत नाही, कारण मार्गदर्शक मिळेपर्यंत मला अनेक वकिलांनी उत्तरही दिले नव्हते. म्हणूनच मी वाट रुंद करण्याची मागणी करतो: सरकारी खर्चाने विधी साहाय्य देणाऱ्या कार्यालयांनी पगारी उमेदवार घ्यावेत. वॉशिंग्टनच्या पद्धतीत वकिलाच्या कार्यालयात नोकरी करत शिकण्याची कल्पना रुजलेलीच आहे. ज्ञान एकांगी राहण्याच्या शंकेला मात्र माझे उत्तर आहे: शेवटची परीक्षा स्टॅनफर्डच्या पदवीधराला आणि मला एकच असते.

जिल्हा न्यायालय:
परीक्षा एक असली तरी सनद सारखी चालत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांना मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी लागते, त्यामुळे उमेदवारीवर मिळालेली सनद घेऊन राज्य बदलणे अवघड जाते. मात्र न्यायालयात उभे राहण्यापूर्वी कुणाच्या तरी हाताखाली घडले पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये सनदेपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले होते, आणि असे नियम करण्याचा कौन्सिलला अधिकारच नाही, या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ते १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात रद्द केले. त्यानंतर आलेली अखिल भारतीय बार परीक्षा कायद्याची माहिती तपासते. साक्षीदाराचा उलटतपास कुठे थांबवावा, हे ती तपासू शकत नाही. पदवी कायम ठेवून ते एक वर्ष संसदेने कायद्यातच आणावे, एवढीच माझी मागणी आहे.

कायदेवाचक:
ते वर्ष बिनपगारी असेल, तर तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी पुण्यात खोलीभाडे कशातून भरणार? ज्युनिअरला किमान विद्यावेतन देण्याचे बंधन त्याच कलमात असेल, तर माझा पाठिंबा आहे; नसेल, तर विरोध आहे.