अनुभव धागा: पासपोर्ट आपला, मर्जी त्यांची

गोदाकाठ (धागाकर्ती)

जिथे सरकारची मर्जी हाच कायदा, असल्या देशांत आपल्या मराठवाड्यातला माणूस हौसेनं क्वचितच जातो. लातूरच्या पोराला नीटमध्ये मार्क कमी पडले की रशिया नाहीतर किर्गिझस्तान. जालन्याचा व्यापारी मालासाठी चीनला, बीड-परभणीचा फिटर सौदीला, नांदेडच्या शीख यात्रेकरूंचा जथा पाकिस्तानातल्या ननकाना साहिबला. जुन्या औरंगाबादच्या कितीतरी घरांत तर कराचीला मावशी असते. फिरस्त्यांचे व्हिडिओ यांच्या काही कामाचे नाहीत. त्यांना पोलिसांनी अडवलं तरी त्याचा एक भाग होतो आणि लाइक मिळतात.

म्हणून विचारतेय. जिथे कायद्यापेक्षा सत्तेचा मूड मोठा, अशा ठिकाणी तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर काय गुदरलं? की काहीच नाही? तेही लिहा. एजंट, कंपनी, कॉलेज यांची नावं नकोत.

औसेकर

मोठा मुलगा रशियात एमबीबीएसला आहे. आम्हाला भीती थंडीची होती, निघालं सगळं कागदाचं प्रकरण. आत शिरताना मायग्रेशन कार्ड मिळतं. ते, पासपोर्ट आणि राहत्या पत्त्याची नोंदणी, एवढं मेट्रोतला पोलीस कधीही मागतो. सावळा चेहरा दिसला की हमखास. पोरगा सांगतो, पोलीस ओरडत नाही, दमही देत नाही. नुसता कागद उलटून पालटून बघत उभा राहतो आणि तेवढ्यात गाडी निघून जाते. सुट्टीला गावाकडे येऊन परत गेलं की नोंदणी नव्यानं. हॉस्टेलवाल्यांच्या भरवशावर राहू नका.

2022 च्या मार्चपासून व्हिसा-मास्टरकार्डने तिथला कारभार थांबवला, त्यामुळे आपल्या बँकेचं कार्ड तिथे चालत नाही.

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. पोरांना 'हेल्पर'च्या कामाचे निरोप येतात, पगार ऐकून शेतकऱ्याच्या पोराचं डोकं फिरावं असा. 2024 मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तो याच भरतीचा. हेल्पर म्हणून नेलेली आपली पोरं युक्रेनच्या आघाडीवर उभी केली आणि काही जण जिवंत परत आलेच नाहीत. करार रशियन भाषेत. सही झाली की तुम्ही त्यांच्या सैन्याचे, मग आपल्या दूतावासालाही 'सोडा हो' म्हणत बसावं लागतं.

दख्खनी

कराचीचा विषय निघालाच आहे तर अम्मीचं सांगतो. हे सगळं 2019 च्या आधीचं. खाला लग्न होऊन तिकडे गेली, दोघी बहिणींची भेट होऊन जमाना झाला होता. लोकांना वाटतं व्हिसा देशाचा मिळतो. पाकिस्तानचा व्हिसा शहराचा असतो, ज्या शहराचं नाव लिहिलंय तेवढ्यापुरताच. आणि पोहोचल्यापासून 24 तासांत ठाण्यात हजेरी. (आपल्याकडे येणाऱ्या पाकिस्तान्यांनाही तेच लागू, हेही सांगून टाकतो.)

ठाण्यातल्या मुन्शीने भलंमोठं रजिस्टर काढलं. बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, कुणाकडे उतरलात, नातं काय. 'गंगाखेड, जिल्हा परभणी' त्याला काही केल्या लिहिता येईना, शेवटी अम्मीने स्वतः उर्दूत लिहून दिलं. मग त्याने चहा मागवला. तो भला होता. पण नंतर साध्या कपड्यातला एक जण घरी यायचा, बसायचा नाही, दारातूनच विचारायचा, 'बेगम साहिबा वापस कब जा रही हैं?' खालाच्या घरातले सगळे त्या वेळी गप्प. त्यांना तिथेच राहायचं होतं ना.

खालाच्या नातवाचं लग्न सिंधच्या हैदराबादला होतं. दोन-अडीच तासांचा रस्ता, पण ते शहर व्हिसावर नव्हतं. 'कुछ नहीं होता, सब जाते हैं,' सगळ्यांनी सांगून पाहिलं. अम्मी गेली नाही. म्हणाली, मला पकडतील, आणि मग तुमचीही चौकशी लागेल. वऱ्हाड गेलं, ती शेजारणीकडे थांबली. आमच्याकडे अजून यावर दोन तट आहेत. मला विचाराल तर तिने केलं ते शंभर टक्के बरोबर.

आता तर 2025 च्या एप्रिलपासून साध्या प्रवाशाला अटारीची सरहद्दच बंद आहे, व्हिसाचा प्रश्नच मिटला. एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नसते. दोन्ही देश दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. आत पडलेल्या माणसाचं नाव यादीत असणं ही फार मोठी गोष्ट. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरलं, कारण अटकेनंतर आपल्या वकिलातीला भेटूच दिलं नव्हतं. तो हक्क देतं व्हिएन्ना कराराचं कलम 36.

हुजुरी

आमचा जथा 1974 च्या करारावर जातो. नावं आधी तपासली जातात, तिथे बस, मुक्काम, पहारा सगळं त्यांचं. सेवा मात्र इतकी करतात की डोळे भरून येतात. एकच सांगतो. फोटो काढताना मागे भिंतीवर काय लावलंय ते बघा. गुरुद्वाऱ्याबाहेर खलिस्तानवाल्यांचे भलतेसलते फलक असतात आणि कुणीतरी गोड बोलून शेजारी उभा राहतो. तो फोटो तिथे कुणाला खटकत नाही, घरी आल्यावर आपल्याच यंत्रणा विचारायला येतात.

शहागंज

धाग्यात सौदीचं नाव का घातलं ताई? आमच्या गल्लीतली अर्धी घरं रियाध आणि जेद्दाच्या पैशावर उभी आहेत. मी स्वतः दम्मामला होतो. पोलिसांनी कधी हात लावला नाही.

त्रास असतो तो कफीलचा, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो त्या मालकाचा. पगार तुंबला, माणसानं आवाज चढवला, की कफील 'हुरूब' लावतो, म्हणजे कामगार पळाला अशी नोंद सरकारच्या कॉम्प्युटरवर. माणूस तिथेच कॅम्पमध्ये झोपलेला आणि कागदावर फरार! इकामा (राहायचा परवाना) गेला, गावाकडे यायची वाट बंद, सापडला की तरहील, म्हणजे हद्दपारीची कोठडी. नियम बदललेत, कामगाराच्या बाजूने बरेच झालेत, पण खेड्यातून गेलेल्या माणसाला ते सांगणार कोण? पासपोर्ट मालकाने ठेवणं तिथेही बेकायदेशीर आहे हे मला जाताना कुणी सांगितलं नव्हतं.

अमिरातीत जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नका. हसू नका. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. भावजयीने दिवाळीचे अनारसे बांधून दिले होते, वरून छान खसखस लावलेली. रूममेटचा वेळेवर फोन आला म्हणून डबा घरीच राहिला, पोरांनी खाल्ले. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलच्या गोळ्यांचंही तसंच, आधी परवानगी काढा.

गोदाकाठ

दादा, तुमचं म्हणणं मान्य, शत्रू कुणी म्हणत नाही. पण कतार आठवा. आपले आठ माजी नौदल कर्मचारी ऑगस्ट 2022 मध्ये उचलले, ऑक्टोबर 2023 ला फाशीची शिक्षा, डिसेंबरमध्ये ती कमी झाली, फेब्रुवारी 2024 ला सुटका. आरोप नेमका काय होता ते आजतागायत जाहीर नाही. हे मित्रदेशात. सुटले तेही अमिराच्या मर्जीने.

शहागंज

हौ, ते खरंय.

जुना मोंढा

चीनला मी मालासाठी जात आलोय, इवू आणि ग्वांगझू. राजकारण बोलायचं नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. धोका उधारीत आहे.

त्यांच्या कायद्यात सोय आहे, दिवाणी दावा चालू असेल तर कोर्ट परदेशी माणसाला देश सोडण्यापासून अडवू शकतं. अटक नाही, बेडी नाही. तुम्ही हॉटेलात राहता, फिरता, जेवता आणि विमानतळावर खिडकीतला माणूस पासपोर्ट परत सरकवतो. बरं, पैसे तुम्हीच बुडवलेले असायला हवेत असंही नाही. 2011 च्या अखेरीस इवूमध्ये दोन भारतीयांना तिथल्या व्यापाऱ्यांनी डांबलं होतं. मालक पैसे बुडवून पळाला, हे बिचारे त्याच्याकडे नोकरीला. सुनावणीला गेलेला आपला अधिकारीही त्या गोंधळात बेशुद्ध पडला होता.

म्हणून मी दोन गोष्टी पाळतो. ज्याच्याशी वाद चालू आहे त्याच्या प्रांतात वाद मिटेपर्यंत पाय ठेवायचा नाही. आणि भागीदाराचा माल असेल तर त्याचं मागचं देणं किती, हे जायच्या आधी त्याच्या वहीत बघायचं. भागीदाराला राग येतो. येऊ द्या.

परभणीची लेक

इराण. 2024 च्या फेब्रुवारीपासून आपल्याला विमानाने 15 दिवस बिनव्हिसा प्रवेश होता, तेव्हाची गोष्ट. लोक इतके अगत्याचे की टॅक्सीवाला पैसे घेईना. कार्ड चालत नाही, सगळे पैसे रोख न्यायचे. तेहरानमध्ये जुन्या विटांच्या भिंतीचा फोटो काढला, भिंतीवर वेल होती म्हणून. कोपऱ्यातून एक शिपाई आला. फोन मागितला, गॅलरी उघडली आणि अंगठ्याने हळूहळू मागे जात राहिला. वेल, नान, मशीद, माझी चुलतबहीण, तिच्या हळदीचे फोटो. तिथे थांबला, हसला, भिंतीचा फोटो पुसला आणि फोन परत दिला. भिंतीमागे काय होतं देव जाणे. हे सगळं होईपर्यंत माझ्या स्कार्फखाली घामाच्या धारा.

फोन कोरा करून जा असं लोक सांगतात, मला ते पटत नाही. कोरा फोन बघितला की आणखी शंका येते. हळदीचे फोटो असू द्या, राजकारणाचे ग्रुप काढा. बेलारूसमध्ये तर सरकारने 'अतिरेकी' ठरवलेलं टेलिग्राम चॅनल नुसतं फॉलो केलं तरी गुन्हा आहे.

ठिबक शिकायला इस्रायलला जाऊन आलेल्या शेतकरी काकांनो, तिकडचा व्हिसा पासपोर्टवर चिकटलेला असेल तर इराण आणि लेबनॉन विसरा. आणि ती बिनव्हिशाची सोय 22 नोव्हेंबर 2025 पासून इराणने थांबवलीय. नोकरीच्या नावाखाली नेऊन आपल्याच लोकांना डांबून खंडणी मागायचे प्रकार झाले म्हणून.

केजकर

तेच आमच्या भाच्याचं. बँकॉकला टायपिंगचं काम म्हणला एजंट, तालुक्यातलाच माणूस, लग्नाकार्यात पंगतीला बसणारा. थायलंडला तेव्हा व्हिसा लागत नव्हता, तिकीट एजंटनं काढलं, मग काय. विमानतळावर गाडी आली. पोरगं शहाणं, फोनवर नकाशा उघडून बसलं. तास झाला, दोन झाले, बँकॉक मागं पडलं तरी गाडी थांबंना. त्यानं आम्हाला ठिकाण पाठवलं, आमच्या धाकट्यानं बघितलं तर रस्ता माए सोतकडं. पलीकडं नदी आणि नदीपल्याड म्यानमारचं म्यावाडी. तिथं नेऊन फसवणुकीच्या कॉल सेंटरला बसवतात. लष्करी राजवट नावालाच, राज्य बंदूकवाल्यांचं. मार्च 2025 ला हवाई दलाच्या विमानांनी 549 जण आणले ते तिथूनच.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली तशी पोरगं लघवीला म्हणून उतरलं ते दुकानात घुसलं आणि तिथल्या बाईपुढं हात जोडले. बॅग गाडीतच गेली. पासपोर्ट कमरेला होता म्हणून वाचलं. एजंट अजून बाजारात भेटतो, नमस्कार करतो.

निवृत्त

माझं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं, म्हणून कोरडं लिहितो. दूतावास तुरुंगात भेटायला येतो, वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. सोडवून आणत नाही, त्याला तो अधिकारच नाही. 10 हजारांहून अधिक भारतीय परदेशी तुरुंगांत आहेत हे सरकारनेच संसदेत सांगितलंय. येमेनच्या सनामध्ये तर आपला दूतावासही नाही. तिथे कैदेत असलेल्या केरळच्या निमिषा प्रिया या नर्सची फाशी जुलै 2025 ला पुढे ढकलली गेली ती मध्यस्थांच्या खटपटीने. घरच्यांनी परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी, तिला क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. आमदाराच्या घरी जायचं तर तो क्रमांक घेऊन जा.

लातूरची आई

मुलीचं ताश्कंदला नक्की झालंय. हे सगळं वाचून हातपाय गळाले. पाठवू की नको?

औसेकर

पाठवा ताई, आमचा धाकटाही पुढच्या वर्षी बाहेरच जाणार आहे. फी एजंटच्या खात्यावर भरू नका, थेट विद्यापीठाच्या खात्यावर. पोहोचल्यावर नोंदणी झाली का ते विचारा, नुसतं 'झाली' ऐकून सोडू नका, फोटो मागवा. आणि आमच्या पोराचा नंबर पाठवतो, त्याचे दोन मित्र तिथे आहेत.