चौकातला सिग्नल अपग्रेड करायचाय, सुरुवात कुठून करू?

नवा_आराखडा:
नमस्कार मंडळी. ट्रॅफिक डिझाइनमध्ये मी तसा नवाच आहे. एका चार रस्त्यांच्या चौकाचं सिग्नल अपग्रेडचं काम आलंय आणि आराखडा मलाच करायचाय. सध्या फिक्स्ड टाइम कंट्रोलर आहे (गर्दी कितीही असो, ठरलेल्या वेळांनीच दिवे बदलणारा), चार फेज म्हणजे एकेक रस्ता आळीपाळीनं सुटतो, सायकल (सगळ्या फेजची एक पूर्ण फेरी) १८० सेकंदांची, दिवे जुने बल्बवाले आणि पादचाऱ्यांसाठी वेगळा दिवाच नाही. संध्याकाळी दोन रस्त्यांवरची रांग एका हिरव्यात संपत नाही, मागं राहिलेल्यांना पुढच्या हिरव्याची वाट बघत थांबावं लागतं. वरिष्ठांचं म्हणणं असं की अडॅप्टिव्ह सिस्टीम (गर्दी बघून हिरव्याचा वेळ आपोआप बदलणारी) टाका, काउंटडाउन टायमर लावा, झालं काम. मला वाटतंय एवढ्यानं भागणार नाही पण ते आकड्यांत कसं मांडायचं ते कळत नाहीये. स्टॉप लाइनवर वळणांसकट वाहनांची मोजणी करून झालीये. आता सरळ सायकल टाइम काढू का अजून काही बघायचं राहतंय?

हिरवी_लाट:
सायकल टाइमवर नंतर ये, आधी तुझी मोजणी बघू. रांग संपत नाही म्हणतोस ना, मग स्टॉप लाइनवर मोजलेला आकडा मागणीचा नाहीच, सिग्नलनं जेवढ्या गाड्या सोडल्या तेवढ्यांचा तो हिशोब आहे. त्यावर डिझाइन केलंस तर आजचीच कोंडी नव्या दिव्यांखाली परत उभी राहील. दर १५ मिनिटांच्या शेवटी रांगेत किती गाड्या उरल्या ते नोंदव आणि रांग जेवढी वाढली तेवढी सुटलेल्या गाड्यांत मिळव, म्हणजे खरी मागणी निघेल. गर्दी सुरू व्हायच्या आधीपासून ते रांग पूर्ण ओसरेपर्यंत मोज, मधलाच एक तास उचलू नकोस.

दुसरं म्हणजे सॅच्युरेशन फ्लो, म्हणजे रांग लागलेली असताना सलग हिरवा मिळाला तर तासाला जेवढ्या गाड्या सुटतील तेवढा प्रवाह. एका लेनला तासाला १९०० गाड्या असा आदर्श आकडा पुस्तकात असतो, पण दुचाकी मोकळ्या फटीतून पुढं येऊन थांबत असतील तर लेनचा हिशोबच मोडतो. तिथं रुंदीवर जा, मीटरमधली रुंदी गुणिले ५२५, म्हणजे ७ मीटरला तासाला ३६७५ पीसीयू (सगळी वाहनं कारच्या हिशोबात बदलून धरलेला आकडा). हे साडेपाच मीटरच्या वरच्या रुंदीला चालतं. तरी जागेवर मोजलेलं केव्हाही चांगलं.

आता वेबस्टरचं १९५८ सालचं सूत्र घे: सायकल = (१.५ एल + ५) ÷ (१ − वाय). एल म्हणजे एका सायकलमध्ये फेज बदलताना वाया जाणारा वेळ, वाय म्हणजे प्रत्येक फेजमधल्या सगळ्यात भारी प्रवाहाचं मागणी भागिले सॅच्युरेशन फ्लो हे गुणोत्तर, सगळ्या फेजचं मिळून. फेजला ४ सेकंद वाया धरले तर चार फेजचे १६. वाय समजा ०.८५ आला तर सायकल निघते १९३ सेकंद. आता वळणाऱ्यांसाठी स्टॉप लाइनपाशी एक जादा लेन काढली आणि समोरासमोरचे रस्ते एकत्र सोडले (वळणाऱ्यांना वेगळी फेज, म्हणून फेज चारच), तर बेरजेत चारही रस्ते न येता प्रत्येक जोडीतला भारी तेवढाच येतो. वाय ०.७२ वर आला असं धर, सायकल झाली १०४ सेकंद. कंट्रोलरला अजून हात पण लावलेला नाही बघ.

वरिष्ठांना हेच दाखव. अडॅप्टिव्ह सिस्टीम वाईट नाही, सिडनीची स्कॅट्स आणि ब्रिटनची स्कूट या दोन्हींची मुळं १९७०च्या दशकातली आहेत आणि जिथं एका बाजूला रिकामा हिरवा चालू असताना दुसरीकडं रांग लागलेली असते तिथं त्या खरंच कामाच्या. पण चारही बाजू भरलेल्या असतील तर कोणाचा वेळ काढून कोणाला देणार? रस्त्याची क्षमता काही सॉफ्टवेअरनं वाढत नाही.

पायी_पायी:
एवढा सगळा हिशोब झाला आणि चालणारा माणूस त्यात कुठंच नाही, याचं वाईट वाटतं. नवा_आराखडा, तुमच्या चौकात पादचाऱ्यांना दिवाच नाही म्हणताय तर हे काम यादीत सगळ्यात वर पाहिजे, नंतर जोडायची गोष्ट नाहीये ही. रस्ता १८ मीटर रुंद असेल तर सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला १५ सेकंद लागतात, म्हातारी माणसं, काठीवाले, लहान मुलं यांचा विचार करून १ मीटर धरलं तर १८. शिवाय सुरुवातीला पाऊल टाकायला ७ सेकंद धरा, म्हणजे कमीत कमी २२ ते २५ सेकंद. वाहनांच्या हिशोबानं एखाद्या फेजला १२ सेकंदच हिरवा निघाला आणि त्याच वेळात माणसं ओलांडणार असतील तर तो १२ चालणारच नाही, म्हणून हे आकडे सायकल काढायच्या आधी मांडा.

रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायला बेट द्या. पादचाऱ्यांचा हिरवा वाहनांच्या ३ ते ७ सेकंद आधी लावला तर वळणाऱ्या गाडीवाल्याला माणसं आधीच झेब्रावर दिसतात. दृष्टिहीनांसाठी आवाजाचं बटण आणि फुटपाथला उतार हे पण आराखड्यात पाहिजे, खोदकाम होणारच आहे तर तेव्हाच होऊन जातं. आणि १८० सेकंद उन्हापावसात कोणी उभं राहत नाही हो, लोक मधेच धावतात. छोटी सायकल ही चालणाऱ्यांची पण गरज आहे.

कॅबिनेटवाला:
मी देखभालीच्या बाजूचा. वर फेजला ४ सेकंद वाया धरलेत ते मला कमी वाटतात. पिवळा दिवा असा काढायचा: १ सेकंद प्रतिक्रियेचा, अधिक वेग भागिले ६ (वेग मीटर प्रति सेकंदात, ब्रेक ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरून). ५० किमीच्या वेगाला ३.३ सेकंद येतात, ७० ला ४.२. ऑल रेडसाठी, म्हणजे चारही बाजू लाल असतात त्या वेळेसाठी, स्टॉप लाइनपासून पलीकडच्या कडेपर्यंतचं अंतर अधिक गाडीची लांबी, भागिले वेग. २४ अधिक ६ असे ३० मीटर धरले तर ५० च्या वेगाला २.२ सेकंद. दोन्ही मिळून साडेपाच झाले.

बाकी जमिनीखालचं बघ. डक्ट, म्हणजे केबलचे पाइप, कॅमेरा घालून किंवा दोरी ओढून तपासून घे, बुजलेले निघाले तर सगळं अंदाजपत्रक बदलतं. एक-दोन डक्ट रिकामे जादा टाक. डांबरात लूप डिटेक्टर (गाडी आली ते ओळखणारी तारेची वेटोळी) कापून बसवले तर पुढच्या डांबरीकरणात खरवडले जातात आणि कळवत कोणी नाही, अडॅप्टिव्हचे डोळेच जातात मग. रडार किंवा कॅमेरा खांबावर असतो, पण कॅमेऱ्याची काच पुसायला माणूस लागतो हे पण लिहून ठेव. कॅबिनेट (कंट्रोलरची पेटी) कोपऱ्यावर नको, वळणारा ट्रक पहिला तिथंच घुसतो. एलईडी दिवे घेशीलच, वीज फार कमी लागत असल्यानं बॅटरी बॅकअप परवडतो. समोरासमोर टक्कर होईल असे दोन हिरवे एकदम लागले तर कंट्रोलरला लगेच फ्लॅशिंगवर टाकणारा कॉन्फ्लिक्ट मॉनिटर असलाच पाहिजे, आणि तो बसवल्यावर मुद्दाम चूक घडवून तपासायचा, कागदावरच्या सर्टिफिकेटवर जायचं नाही.

नवा_आराखडा:
खूप आभार सगळ्यांचे. साडेपाच सेकंदांनी करून बघितलं, एल २२ झाला आणि वाय ०.७२ ला सायकल १३६ वर गेली. मग ऑल रेड थोडा कमी करू का? आणि टायमरचं काय सांगू वरिष्ठांना?

हिरवी_लाट:
कॅबिनेटवाला म्हणतोय ते बरोबर, तोच आकडा घे. ऑल रेडला अजिबात हात लावू नकोस, शेवटी आत शिरलेली गाडी बाहेर पडायला तो वेळ आहे. फेज कमी होतेय का बघ. छोट्या रस्त्यावर वळणारे कमी असतील आणि समोरून येणारं लांबून नीट दिसत असेल तर त्यांना वेगळी फेज न देता समोरच्या गॅपमधून वळू दे. तीन फेज झाल्या की एल १६.५, वाय तेवढाच धरला तरी सायकल १०६ येते. ही सूट कागदावरून देऊ नको, संध्याकाळी जागेवर उभा राहून गॅप मिळतात का ते बघ, आणि तिथं अपघातांची नोंद असेल तर वेगळी फेज ठेवून १३६ स्वीकार. वेळ वाढवून क्षमता वाढते असं कोणी म्हणालं तर सांग, १६ सेकंद वाया जात असताना १२० ची सायकल १८० केली तरी हिरव्याचा वाटा साधारण ८७ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर जातो, एवढंच. थांबणं मात्र दीडपट होतं आणि लांबलेली रांग वळणाच्या लेनचं तोंड बंद करते.

कॅबिनेटवाला:
टायमरचं सोपं आहे. अडॅप्टिव्ह किंवा डिटेक्टरवर चालणाऱ्या सिग्नलला हिरवा कधी संपणार ते आधी माहीतच नसतं, त्यामुळं आकडा मधेच उडी मारतो आणि लोकांचा विश्वास जातो. वरिष्ठांना दोन्ही एकदम मागता येणार नाही हे आत्ताच सांग, नाहीतर टेंडर निघाल्यावर कळेल. पादचाऱ्यांच्या दिव्यावर मात्र काउंटडाउन जरूर लाव, तिथला ओलांडायचा वेळ एकदा सुरू झाला की ठरलेला असतो.