'पंचायत'चे चौथे पर्व: फुलेरा खरेच बिघडले का?

पायवाट
'पंचायत' या हिंदी वेबमालिकेचे चौथे पर्व म्हणजे दुधी भोपळा आणि प्रेशर कुकर या निवडणूक चिन्हांचे पोरकट भांडण आहे, त्यात मालिकेतल्या फुलेरा गावाचा गोडवाच हरवला, असे एका सदस्याने काल लिहिले आणि खाली माना डोलावणाऱ्यांची रीघ लागली. म्हणून हा प्रपंच. ज्यांनी ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना हे भांडण पोरकट वाटणार नाही. तिथे जाहीरनामा कोणी वाचत नाही. कोणाच्या दारापुढचे गटार आधी झाले आणि कोण कोणाच्या लग्नाला आले नाही, यावर मते फिरतात. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत घरात कोंडलेल्या आपल्याला हे गाव हवापालटासाठी हवे होते. त्याच गावात सत्तेची चुरस आली, तर आपण रुसून बसलो. शिवाय प्रेक्षकांच्या लाडक्या प्रधान (म्हणजे सरपंच) मंजूदेवींना हरवून त्यांच्या प्रतिस्पर्धी क्रांतीदेवींना निवडून आणणे, याला लेखकाचे धाडस लागते.

खडूस प्रेक्षक
धाडस मान्य, पण त्यासाठी आठ भाग कशाला? दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस उपप्रधान प्रल्हादचा सैनिक मुलगा हुतात्मा होतो, तेव्हा प्रल्हाद झालेल्या फैसल मलिक यांनी मोजक्या शब्दांत जे उभे केले, त्याच्या जवळपास जाणारा एकही प्रसंग या पर्वात नाही. बनराकस (क्रांतीदेवींचा नवरा भूषण) आणि त्याची कुजबुज एवढेच पाहायचे असेल, तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा फुकट पाहायला मिळते.

सांजवेळ
आपण दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडत आहात. चार पर्वे झाली, तरी 'प्रधानजी' म्हटले की पुढे येतात ते मंजूदेवींचे यजमान ब्रिजभूषणच. रघुवीर यादव यांनी ते इतके लोभस केले आहेत की, हा माणूस बायकोचे पद वापरतो आहे, याचा आपल्याला विसर पडतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून झेंडावंदनाला उभ्या राहतात, तेव्हा मला वाटले होते की आता गाडी रुळावर येईल. चौथ्या पर्वात पाहिले तर कागदावर दोन बायका आणि मैदानात दोन नवरे! याला हलकेफुलके मनोरंजन म्हणणे मला जमत नाही.

निवृत्त ग्रामसेवक
ताई, रागावू नका, पण मालिकेने दाखवले ते सौम्यच आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा आहेत आणि माझ्या नोकरीचा बराच काळ सरपंचपतींची मर्जी सांभाळण्यातच गेला. पूर्वी शिक्का त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. पुढे निधी खर्च करायला सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागू लागली, तेव्हा एका गावात सरपंचबाईंच्या स्वाक्षरीचे डोंगल (संगणकाला जोडायची पेनड्राइव्हसारखी वस्तू) यजमानांच्या मोटारसायकलच्या किल्लीला अडकवलेले मी पाहिले आहे. रक्कम अदा करायची वेळ आली की किल्ली फिरवत ते हजर. बाई घरी भाकऱ्या थापत असत आणि त्यांची स्वाक्षरी कार्यालयात होत असे.

सांजवेळ
आणि आपण ती होऊ देत होता?

निवृत्त ग्रामसेवक
बिले अडवली असती, तर माझी बदली झाली असती आणि गावाचे पाणी तुटले असते. शहरात बसून प्रश्न विचारणे सोपे असते.

सांजवेळ
मी शहरात बसलेली नाही. माझी मावशी सरपंच होती. पहिल्याच मासिक सभेत तिने कीर्द (जमाखर्चाची वही) मागितली, तेव्हा ग्रामसेवकांनीच "भाऊंना पाठवा, त्यांना समजावून सांगतो" असे उत्तर दिले होते. नवऱ्याला खुर्ची केवळ घरातून मिळत नाही, कार्यालयही ती पुढे सरकवते. म्हणूनच मालिकेतल्या सचिवजींचा, म्हणजे तिथल्या ग्रामसेवकाचा, भोळा, तटस्थ चेहरा मला खटकतो.

पायवाट
मालिकेवर हा राग काढणे मात्र अन्यायाचे आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने प्रधानपतींच्या विरोधातील लघुपट याच निर्मात्यांकडून, मंजूदेवी साकारणाऱ्या नीना गुप्ता यांनाच घेऊन करवला. लेखकांना हा रोग दिसत नव्हता, असे कसे म्हणता येईल?

सांजवेळ
म्हणजे औषध सरकारी लघुपटात आणि मालिकेत नुसती गंमत. उत्तम वाटणी आहे!

खडूस प्रेक्षक
ग्रामसेवकसाहेबांचे ते किल्लीला अडकवलेले डोंगल या आठ भागांत कुठे असते, तर मी चौथ्या पर्वाबद्दलचे सगळे शब्द आनंदाने गिळले असते. तूर्तास एवढेच मान्य करतो की निकालाचा भाग बरा होता. उरलेले सात पायवाट यांना लखलाभ.