मदत हवी आहे: एम१ गारंड सतत अडकतेय, शनिवारी मॅच आहे

ओहायोकर
नमस्कार मंडळी, जरा लवकर मदत पाहिजे. माझी एम१ गारंड (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सेमी-ऑटोमॅटिक रायफल) दर दोन-तीन गोळ्यांनी अडकते. गोळी सुटते, पण पुंगळी कधी बाहेरच पडत नाही, बोल्ट (मागेपुढे सरकणारा भाग) आणि चेंबर (गोळी बसते ती जागा) यांच्या मध्ये आडवी अडकून बसते, कधी पडते पण पुढची गोळी वर येत नाही, बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो आणि चाप ओढला की नुसता टक. साफ केली, तेल दिलं, नवीन क्लिपा आणल्या, फरक शून्य. शनिवारी क्लबची २०० यार्डाची मॅच आहे आणि रॅपिड फायरमध्ये अशी अडकली तर सगळं गेलं. दुसरा प्रश्न असा की हिच्यामागे वेळ घालवू का सरळ विकून नव्या धाटणीची एआर-१० रायफल घेऊ? बजेट १५०० डॉलरपर्यंत. ज्यांनी स्वतः वापरली आहे त्यांनीच सांगा प्लीज, गुगल करून झालंय.

टेक्सास_बाळू
विका. नव्वदेक वर्षांपूर्वीचं डिझाइन आहे, ते तसंच वागणार. मी इथे रानडुकरांसाठी एआर-१० वापरतो, .३०८ मध्ये, २० गोळ्यांचं मॅगझिन, वर स्कोप लावा आणि विसरून जा. गारंडला आठ गोळ्यांची क्लिप वरून दाबावी लागते त्यामुळे स्कोप धड मधोमध बसतच नाही, बाजूला लावावा लागतो. शिवाय वजन साडेनऊ पौंड रिकामी असताना. तुमच्या बजेटमध्ये चांगली नवीन एआर-१० आणि वर थोडा अमोसुद्धा (काडतुसं) येईल.

रीलोडर_काका
बाळू, प्रश्न अडकण्याचा आहे, तू दुकान मांडू नकोस. ओहायोकर, आधी हे सांगा. अमो कोणता, किती ग्रेनचा (म्हणजे गोळीचं वजन)? पुंगळ्या कुठे पडतात, म्हणजे पुढे उजवीकडे लांब जातात का पायाशी? तेल दिलं म्हणता ते कुठे कुठे? ग्रीस वापरलं का? रायफल घेतल्यापासूनच असं होतंय का मधूनच सुरू झालं? आणि घेतल्यावर कुठला पार्ट बदललात का? एवढं कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

ओहायोकर
काका, अमो साधाच आहे दुकानातला. रायफल स्प्रिंगफील्डची, सिरियल नंबरवरून १९४३ ची दिसतेय. पुंगळ्या कुठे पडतात ते बघितलं नाही, मी टार्गेटकडे बघत असतो. तेल सगळीकडे दिलंय, व्यवस्थित. विशेष काही बदललेलं नाही.

मिशिगनचा_शिकारी
साधा अमो म्हणजे कमी ताकदीचा असणार, म्हणून बोल्ट पूर्ण मागे जात नाही. १८० ग्रेनचा शिकारीचा अमो टाका, सगळं सुरळीत चालेल. मी गेली सहा वर्षं माझ्या गारंडमधून तोच मारतोय.

रीलोडर_काका
कृपा करून असं करू नका!! गारंडमध्ये गोळीमागचा गॅस नळीच्या टोकापासून दीडेक इंचावरच्या भोकातून घेतला जातो आणि त्या गॅसने ढकललेला पिस्टन हा त्या लांब वाकड्या ऑप-रॉडचंच (बोल्ट मागे नेणारा दांडा) टोक आहे. ही रायफल एम२ बॉल या लष्करी काडतुसासाठी जुळवलेली, १५० ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण २७४० फूट. जड गोळीच्या शिकारी अमोमध्ये सावकाश जळणारी दारू असते, त्यामुळे गोळी त्या भोकापर्यंत पोचते तेव्हासुद्धा मागचं प्रेशर भरपूर शिल्लक असतं. चेंबरमधलं प्रेशर सुरक्षित असेल हो, पण ऑप-रॉड वाकतो. एकदा वाकला की सरळ करणारे हात आता फार थोडे राहिलेत. मी स्वतः काडतुसं भरतो ती आयएमआर ४८९५ नाहीतर ४०६४ दारू वापरून, ते याच कारणासाठी.

मिशिगनचा_शिकारी
सहा वर्षांत माझा नाही वाकला. अनुभव सांगतोय.

पलटण_निवृत्त
मी गारंड चालवलेली नाही पण एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) सतरा वर्षं खांद्यावर वागवलीय, इशापूरची ७.६२, मराठा लाइट इन्फंट्री, आता बेळगावात असतो. तुम्ही जे वर्णन करताय त्याला आम्ही गॅस स्टॉपेज म्हणायचो. पुंगळी पायाशी पडायला लागली की समजायचं गॅस कमी पडतोय. मग गॅस रेग्युलेटर दोन क्लिक बंद करायचा की गाडी चालू. बघा की, रेग्युलेटर फिरवून बघा.

टेक्सास_बाळू
पलटणवाले काका, गारंडला गॅस रेग्युलेटर नसतोच. एसएलआर वेगळी, ही वेगळी.

पलटण_निवृत्त
बरं, नसंल. मग गॅस कुठंतरी निसटतोय एवढं नक्की. आणि पिस्टनला तेल देऊ नका, आम्हाला उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, चिंदीनं पुसून कोरडा ठेवा. तेल गॅसमध्ये जळून खपली धरते.

शब्दप्रेमी
विषय निघालाच आहे तर, उच्चार गारंड नव्हे, गॅरंड असा आहे. जॉन गॅरंड मूळचे कॅनडातल्या क्वेबेकचे, मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी स्प्रिंगफील्ड कारखान्यात त्यांनी ही रायफल घडवली, १९३६ मध्ये अमेरिकन लष्कराने ती घेतली. घरचे लोक गॅरंड म्हणायचे.

ओहायोकर
उच्चार नंतर बघू हो. पिस्टनला मी भरपूर तेल दिलंय, त्यामुळे झालं का? आणि अमोच्या डब्यावर एम१ गॅरंडसाठी असंच लिहिलंय, १५० ग्रेन, म्हणून साधा म्हटलं.

मंजिरी_पेरीवाली
मी दरवर्षी ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या रेंजवर जॉन सी. गॅरंड मॅच मारते, त्यामुळे या अडकण्याशी चांगली ओळख आहे. १५० ग्रेनचा गॅरंडचा अमो असेल तर तो आरोपी नाही, बाजूला ठेवा. तेलामुळे लगेच एवढं होत नाही, पण पिस्टन आणि गॅस सिलिंडर आतून पुसून कोरडे करा. आता रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही बघा आणि मग एकेक करा. ऑप-रॉडची स्प्रिंग काढून मोजा, नवीन पावणेवीस इंचाच्या आसपास असते, १९ च्या खाली आली असेल तर बदला, स्वस्त असते. मग स्प्रिंगशिवाय रायफल पुन्हा जोडा, लाकूड वगैरे सगळं लावून, आणि नळी वर करा, खाली करा. ऑप-रॉड स्वतःच्या वजनाने पुढेमागे सरकला पाहिजे. कुठे घासत अडखळला तर तिथे चमक आलेली दिसेल, बरेचदा मागच्या हँडगार्डला लागतो. मायक्रोमीटर असेल तर पिस्टन मोजा, नवा ०.५२६ इंच असतो, ०.५२५ च्या खाली गेला की गॅस बाजूने निसटतो. आणि हे सगळं करायच्या आधी गॅस सिलिंडरच्या पुढच्या टोकाचा स्क्रू, ज्याला आपण गॅस प्लग म्हणतो, तो घट्ट आहे का बघा. निम्म्या वेळा तोच सैल असतो. त्याचा फोटो टाकता का?

ओहायोकर
घट्ट आहे, मी स्वतः बसवलाय मागच्या महिन्यात. फोटो टाकलाय.

मंजिरी_पेरीवाली
मागच्या महिन्यात स्वतः बसवलाय म्हणजे? फोटोत मधे छोटा स्क्रू असलेला प्लग दिसतोय. हा अ‍ॅडजस्टेबल प्लग आहे, मूळचा नाही.

ओहायोकर
हो, व्हिडिओत बघितलं होतं की जुन्या रायफलीचा ऑप-रॉड वाचवायचा असेल तर हाच लावावा. तो चांगला पार्ट आहे ना? म्हणून बदलल्याचं सांगितलं नाही, तो मला सुधारणाच वाटला. मधला स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल ठेवलाय, म्हणजे ऑप-रॉडवर ताण कमी.

रीलोडर_काका
मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, पार्ट बदलला का.

मंजिरी_पेरीवाली
काका, असू द्या, सापडलं. ओहायोकर, पार्ट चांगलाच आहे, पण त्याचं काम जोरदार शिकारी अमोचा जादा गॅस पुढे सोडून देणं. तुम्ही गॅरंडचा सौम्य अमो घातलात आणि वर प्लग उघडा ठेवलात, मग जो गॅस बोल्ट मागे न्यायला लागतो तोच हवेत जातोय. बोल्ट अर्ध्यातून परत येतो, म्हणून कधी पुंगळी अडकते, कधी पुढची गोळी उचलली जात नाही. मूळचा प्लग ठेवलाय ना? तो परत लावा, रुंद स्क्रूड्रायव्हरने घट्ट करा आणि हाच अमो मारा. अ‍ॅडजस्टेबल वापरायचाच असेल तर पूर्ण उघडा ठेवून सुरुवात करायची, क्लिपमध्ये दोनच गोळ्या घालायच्या, पहिली मारली की दुसरी आपोआप चढते का बघायचं, नाही चढली तर स्क्रू थोडा बंद, परत दोन. चढायला लागली की अजून जरासा बंद करून तिथेच ठेवायचा. सुट्टी गोळी चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडायचा नाही हे मात्र लक्षात ठेवा, गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट आदळताना प्रायमरला (काडतुसाच्या बुडाची पेट घेणारी टोपी) टोचू शकते. क्लिपमधून चढताना बोल्टचा वेग कमी होतो.

पलटण_निवृत्त
अहो, मग हा रेग्युलेटरच झाला की! आमची एसएलआर अशीच एकेक क्लिक बंद करत जुळवायचो.

टेक्सास_बाळू
मान्य काका. मूळ रायफलला नाही, पण यांनी बसवलेला तोच आहे.

रीलोडर_काका
मिशिगनवाले, आता तुम्ही खरं सांगा, तुमच्या गॅरंडला कुठला प्लग आहे?

मिशिगनचा_शिकारी
अ‍ॅडजस्टेबलच आहे. ज्याच्याकडून घेतली त्यानेच बसवून दिला होता, मला वाटलं सगळ्यांनाच असतो.

रीलोडर_काका
म्हणून सहा वर्षांत वाकला नाही. हे आधी लिहिलं असतंत तर! उद्या कोणीतरी तुमचं वाचून मूळ प्लगवर १८० ग्रेन मारला असता.

मिशिगनचा_शिकारी
चूक झाली. वरचा सल्ला मागे घेतो, कोणी तसं करू नका.

नवा_एच१बी
थोडं अवांतर. मी एच-१बी व्हिसावर आहे, मला अशी रायफल घेता येते का? आणि पुढे परत जाताना पुण्याला नेता येईल का?

मंजिरी_पेरीवाली
एच-१बी वाल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असू शकतात, व्हिसा पणाला लावण्याआधी वकिलाला विचारा. सरकारी स्टॉकमधल्या गॅरंड सीएमपीकडून (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम) मिळतात, पण तिथे नागरिकत्वाचा पुरावा आणि संलग्न क्लबची मेंबरशिप मागतात. पुण्याला नेण्याचं विसरा.

पलटण_निवृत्त
भारतात साध्या लायसन्सवर सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळत नाही. इथं लोकांकडं असते ती .३१५ ची बोल्ट अ‍ॅक्शन. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपायाकडं गॅरंड होती तेव्हा आपल्या मराठ्यांच्या हातात इटलीत बोल्ट अ‍ॅक्शन ली-एनफिल्डच होत्या. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, सेक्शनमधले बाकीचे पडले तरी एकटे मशीनगनवर चालून गेले, टॉमीगनची मॅगझिन संपली तर तीच उलटी धरून लढले. व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. माणगावला पुतळा आहे, कोकणात जाताना थांबत जा.

ओहायोकर
आत्ता रेंजवरून आलो. पिस्टन पुसला, मूळचा प्लग लावला, ऑप-रॉड ज्या खाचेतून सरकतो तिथे आणि बोल्टच्या कानांना ग्रीस लावलं. स्प्रिंग साडेएकोणीस भरली, तीच ठेवली. पाच क्लिपा मारल्या, ४० गोळ्या, एकदाही अडकली नाही आणि पुंगळ्या पुढे उजवीकडे सात-आठ फुटांवर पडतायत, आज पहिल्यांदा नीट बघितलं. मंजिरीताई, काका, बेळगावचे साहेब, खरंच मनापासून आभार. विकायचा विचार रद्द. एकच राहिलं, एका जुन्या क्लिपने एक गोळी शिल्लक असतानाच बाहेर उडी मारली.

मंजिरी_पेरीवाली
मस्त!! त्या क्लिपवर मार्करने खूण करा आणि शनिवारी नेऊच नका. दुसऱ्या क्लिपाही तसं करायला लागल्या तर क्लिप लॅच (क्लिप धरून ठेवणारी कडी) आणि तिची स्प्रिंग बघू. रॅपिडला आधी दोन गोळ्यांची क्लिप आणि मग आठची, हे घरी डमी गोळ्यांवर वीस-पंचवीस वेळा करून जा. क्लिप दाबताना तळहाताची कड ऑप-रॉडच्या हँडलला मागे टेकवून ठेवा, नाहीतर बोल्ट अंगठ्यावर येतो.

ओहायोकर
करतो. आणि आता चालतेय तर नोव्हेंबरात हरणालाही हीच नेऊ का?

टेक्सास_बाळू
ओहायोत नाही चालणार. तिथे हरणाला रायफल नेता येते ती फक्त सरळ काडतुसाची, .३०-०६ चं काडतूस पुढे निमुळतं आहे. शेजारी पेनसिल्व्हेनियात .३०-०६ चालतं, पण हरणाला सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही. कायोटीला न्या, आधी राज्याचं नियमांचं पुस्तक वाचून.

ओहायोकर
बरं झालं विचारलं. मग हरणासाठी .४५०-बुशमास्टरमध्ये (ते सरळ काडतूस आहे) काय घ्यावं? वेगळा धागा काढतो, तिथे या सगळे. शनिवारचा स्कोअर इथेच टाकतो.